शिकागोच्या शाळा आणि पालकांचे संघटन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिकागो हे नाव जैन समाजाला परके नाही. १८९३ साली त्या शहरात भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी वीरचंद राघवजी गांधी हे अवघ्या २९ वर्षांचे तरुण गेले होते. आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना आचारमर्यादेमुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता, म्हणून त्यांचे प्रतिनिधी म्हणून ही जबाबदारी वीरचंदभाईंवर आली. अमेरिकेत असताना भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठीही त्यांनी खटपट केली. त्यांचे चरित्र समाजात आदराने सांगितले जाते. त्याच शिकागोची, परंतु अगदी वेगळ्या वस्त्यांतील एक हकीकत आज सांगावयाची आहे. ती कोणा पंडिताची वा दानशूराची नाही. शहरातील सरकारी शाळांत मुले पाठविणाऱ्या सामान्य आई-बापांची ती आहे.

आरंभी एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट. भारतात ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भारी शुल्काची, टाय-बुटांची खासगी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ नेमका उलटा आहे. करातून चालणारी, सर्वांना मोफत असणारी शाळा ती पब्लिक स्कूल. म्हणजे येथील नगरपालिकेची वा महानगरपालिकेची शाळाच म्हणा ना. मोठ्या शहरांत ऐपतदार कुटुंबे उपनगरांकडे वा खासगी शाळांकडे वळत गेली आणि शहरातील पब्लिक स्कूल प्रामुख्याने कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि इतर गरीब कुटुंबांच्या वाट्याला आले. हा क्रमही भारतीय श्रोत्यांना अपरिचित वाटू नये.

शिकागोत पालकांचा असंतोष फार जुना आहे. १९६३ साली कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा ओसंडून वाहत होत्या आणि जवळच्याच गौरवर्णीय वस्त्यांतील शाळांत वर्ग रिकामे होते. तरीही त्या मुलांना रिकाम्या वर्गांत न पाठविता शाळेच्या आवारात पत्र्याच्या फिरत्या खोल्या उभ्या केल्या गेल्या. २२ ऑक्टोबर १९६३ या दिवशी दोन लाखांहून अधिक मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला. देशभर त्याची चर्चा झाली. परंतु एक दिवसाचा बहिष्कार हा एक दिवसाचाच असतो. दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा त्याच खोल्यांत जाऊन बसली.

पुढे १९७९ च्या अखेरीस शिक्षण मंडळाची तिजोरी इतकी रिकामी झाली की शिक्षकांच्या पगाराला पैसे उरले नाहीत. हिशेबाची ज्यांना थोडीफार जाण आहे त्यांना याचा अर्थ उमगेल. वर्षानुवर्षे उसनवारीने तोंडमिळवणी चालली होती आणि ताळेबंदात ते दिसत नव्हते. १९६९ पासून १९८७ पर्यंतच्या १८ वर्षांत शिक्षकांचे ९ संप झाले. निम्म्याच्या आसपास मुले बारावी पुरी होण्याआधीच गळत होती. शाळेत काय चालले आहे हे विचारण्यास गेलेल्या आईला मुख्याध्यापक मुख्यालयाचे नाव सांगत, आणि मुख्यालयात गेल्यास तेथून शाळेकडे बोट दाखविले जाई. मुख्याध्यापकाची नेमणूक कायमची असे. त्याला जाब विचारणारे वस्तीत कोणीच नव्हते.

८ सप्टेंबर १९८७ रोजी शिक्षकांचा पुन्हा संप सुरू झाला आणि तो शाळेचे १९ दिवस चालला. शिकागोच्या इतिहासातील तो सर्वांत दीर्घ संप होता. या वेळी मात्र निराळे घडले. आधीच्या संपांत पालक कंटाळून घरी बसत, किंवा मंडळाची अथवा शिक्षकांची बाजू घेत. या वेळी त्यांनी दोन्ही पक्षांकडे पाठ फिरवून स्वतःची तिसरी बाजू मांडली. नगरभवनापुढे निदर्शने झाली. ‘पेरेंट्स युनायटेड फॉर रिस्पॉन्सिबल एज्युकेशन’ ही पालकांची संघटना याच धामधुमीत जन्माला आली. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी संप मिटताच ऑक्टोबरात एक जाहीर सभा बोलाविली. तीत सुमारे हजार लोक जमले आणि तेथून पालक व नागरिक यांची एक समिती उभी राहिली. नोव्हेंबरात अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या शाळांना देशातील सर्वांत वाईट म्हणून हिणविले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला वॉशिंग्टन यांचे कार्यालयातच हृदयविकाराने निधन झाले. ज्याच्या भरवशावर सर्व चालले होते तो माणूस गेला.

येथे चळवळ विझली असती तर नवल नव्हते. ती विझली नाही याचे श्रेय पूर्वतयारीला द्यावे लागेल. ‘डिझाइन्स फॉर चेंज’ ही संस्था १९७७ पासून शाळांच्या आकडेवारीचा अभ्यास करीत होती. दुसरी एक संस्था केवळ मंडळाचे अंदाजपत्रक तपासण्याचे काम करी. गरीब मुलांसाठी राज्याकडून येणारा निधी त्या मुलांच्या शाळांपर्यंत न पोहोचता मुख्यालयाच्या सर्वसाधारण खर्चात मुरतो, हे या मंडळींनी आकड्यांनिशी दाखवून दिले होते. मोर्च्यातील आईच्या हाती या वेळी केवळ फलक नव्हता, जमाखर्चाचा कागदही होता. शिवाय शहरातील मोठ्या उद्योगांची संघटनाही सुधारणेच्या बाजूस आली. वाचता-लिहिता येणारा कामगार आणि कारकून मिळत नाही ही त्यांची तक्रार होती. हेतू निराळे असले तरी मागणी एक झाली. व्यापारी समाजाने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

१९८८ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात शिकागोहून बसगाड्या भरभरून पालक सुमारे ३०० किलोमीटरवरील स्प्रिंगफील्ड या इलिनॉय राज्याच्या राजधानीत जात राहिले. विधिमंडळाच्या सज्जात बसून त्यांनी चर्चा ऐकल्या, आपापल्या प्रतिनिधीला गाठून प्रश्न विचारले. जुलैच्या आरंभी विधेयक संमत झाले आणि राज्यपालांच्या दुरुस्त्यांनंतर वर्षअखेरीस कायद्याला अंतिम रूप आले.

या कायद्याने प्रत्येक शाळेला एक स्थानिक परिषद दिली. तीत सहा पालक, दोन वस्तीतील नागरिक, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक असे ११ सभासद. माध्यमिक शाळेत एक विद्यार्थीही. अकरांपैकी सहा म्हणजे निव्वळ पालकांचेच बहुमत. हा सहाचा आकडा अपघाताने पडलेला नाही, त्यासाठी झगडावे लागले. परिषदेला तीन अधिकार मिळाले. मुख्याध्यापकाची चार वर्षांच्या कराराने निवड करणे आणि मुदत संपल्यावर करार वाढवावा की नाही हे ठरविणे, हा पहिला. शाळेच्या सुधारणेचा आराखडा मंजूर करणे, हा दुसरा. आणि गरीब मुलांच्या प्रमाणात शाळेकडे येणाऱ्या निधीचा विनियोग ठरविणे, हा तिसरा. मुख्याध्यापकांची तहहयात नेमणूक संपुष्टात आली.

सन्मानाच्या खुर्च्या पालकांना जगात सर्वत्र मिळतात. स्नेहसंमेलनात पहिली रांग मिळते, पालकसभेत चहा मिळतो. शिकागोच्या पालकांनी मागितल्या त्या मात्र नेमणुकीच्या आणि जमाखर्चाच्या वह्या, आणि त्या त्यांना मिळाल्या.

ऑक्टोबर १९८९ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. सुमारे ५,४०० जागांसाठी १७ हजारांहून अधिक उमेदवार उभे राहिले. त्यांत घरकाम करणाऱ्या स्त्रिया, बसचालक, गिरणी-कारखान्यांतील कामगार अशी माणसे होती. अंदाजपत्रक हा शब्दच त्यांतील अनेकांच्या आयुष्यात प्रथम आला होता. आता वर्षाला काही लक्ष डॉलरचा निधी त्यांच्या मतावर खर्च व्हावयाचा होता. वाचनाचा जादा शिक्षक नेमावा, ग्रंथालय करावे की संगणक घ्यावेत, असे प्रश्न रात्रीच्या बैठकांत चर्चिले जाऊ लागले.

सर्व गोड झाले असे मात्र कोणी समजू नये. काही परिषदांत भांडणे माजली. काही मुख्याध्यापकांचे करार नाकारले गेले तेव्हा वर्णभेदाचे आरोप झाले. मुख्याध्यापकांच्या वतीने न्यायालयात दावा गेला आणि निवडणुकीची पद्धत समान मताधिकाराच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला. १९९१ मध्ये कायदा दुरुस्त करून परिषदा टिकविल्या गेल्या. पुढच्या निवडणुकांत उत्साह ओसरला आणि उमेदवार पुष्कळच कमी झाले. १९९५ मध्ये नव्या कायद्याने शिक्षण मंडळ महापौरांच्या हाती गेले. तथापि शाळेपुरत्या परिषदा मोडण्याचे धाडस कोणी केले नाही.

मग फळ काय मिळाले? शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी या शाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि २०१० मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९९० नंतरच्या सहा-सात वर्षांत शंभर शाळा स्पष्टपणे सुधारल्या आणि दुसऱ्या शंभर जेथल्या तेथेच राहिल्या, असे त्यांना आढळले. कायदा दोहोंना एकच होता, निधीही सारखाच होता. फरक पडला तो आतल्या घडणीत. नेतृत्व, शिक्षकांची तयारी, अध्यापनाची शिस्त, मुलांना वाटणारी सुरक्षितता आणि पालकांशी असलेले नाते या पाच अंगांनी जी शाळा सशक्त होती तिच्या सुधारणेची शक्यता दुर्बळ शाळेच्या दहापट होती. पालक आणि शिक्षक यांच्यातील परस्परविश्वासाला या संशोधकांनी फार मोठे स्थान दिले आहे. पेढीवर हीच गोष्ट ‘पत’ या नावाने ओळखली जाते. ती कायद्याने निर्माण होत नाही आणि एकदा गेली की व्याजानेही परत येत नाही.

हे नाते कसे बांधले गेले याचे उदाहरण लोगन स्क्वेअर या वस्तीत सापडते. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. तेथील रहिवासी संघाने प्रथम शाळांतील गर्दीविरुद्ध लढा देऊन नव्या इमारती बांधून घेतल्या. नंतर १९९५ मध्ये ‘पालक-मार्गदर्शक’ हा उपक्रम सुरू झाला. एखादी आई रोज दोन तास वर्गात बसते. तो वर्ग तिच्या स्वतःच्या मुलाचा नसतो, हा नियमच आहे. मागे पडलेल्या तीन-चार मुलांचे वाचन ती करवून घेते. ठरलेले तास पुरे झाल्यावर अल्प मानधन मिळते आणि आठवड्यातून एक दिवस या सर्व मातांचे स्वतःचे प्रशिक्षण होते. इंग्रजी धड बोलता येत नाही म्हणून शाळेच्या दारातूनच परतणाऱ्या स्त्रिया काही महिन्यांत परिषदेची निवडणूक लढवू लागल्या. त्यांतील काहींना शिक्षिका व्हावेसे वाटले, तेव्हा संघाने त्यांच्यासाठी अभ्यासक्रम मिळविला. २००४ मध्ये इलिनॉय राज्याने अशा वस्तीतील माणसांतूनच शिक्षक घडविण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. मोर्च्यापेक्षा हे काम संथ आणि कंटाळवाणे आहे. वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येत नाहीत. परंतु शाळेतील खरी हकीकत कळते ती वर्गात बसणाऱ्या या स्त्रीलाच.

दुसरे उदाहरण ऐकताना जैन श्रोत्यांचे कान निश्चितच टवकारतील. लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीला १९९८ मध्ये माध्यमिक शाळेचे आश्वासन मिळाले होते. त्याच सुमारास जाहीर झालेल्या, निवडक हुशार मुलांसाठीच्या दोन शाळा इतरत्र बांधून तयार झाल्या. लिटल व्हिलेजचा भूखंड मोकळाच राहिला, कारण पैसे नाहीत असे सांगण्यात आले. १३ मे २००१ हा अमेरिकेतील मातृदिन होता. त्या दिवशी वस्तीतील माता, आज्या आणि कार्यकर्ते असे १४ जण त्या मोकळ्या भूखंडावर तंबू ठोकून उपोषणास बसले. ते १९ दिवस चालले. त्या तळाला त्यांनी शेतमजुरांचे पुढारी सेझर चावेझ यांचे नाव दिले. चावेझ यांनी १९६८ मध्ये २५ दिवसांचा उपवास केला होता आणि ते महात्मा गांधींना आदर्श मानीत. आणि गांधीजींनी ज्यांना आपले आध्यात्मिक मार्गदर्शक म्हटले ते श्रीमद् राजचंद्र. विचारांचे धागे किती लांबवर विणले जातात पाहा.

चातुर्मासात समाजात अठ्ठाई होतात, मासक्षमणेही होतात. तेव्हा १९ दिवसांच्या संख्येचे येथे कोणाला अप्रूप वाटणार नाही. प्रश्न निराळा आहे. जैन तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा असतो. फळाची इच्छा धरून केलेल्या तपाला ‘निदान’ म्हणतात आणि शास्त्राने ते शल्य मानले आहे. त्या दृष्टीने लिटल व्हिलेजचे उपोषण तपाच्या व्याख्येत बसणार नाही, आणि बसवूही नये. मात्र एक गोष्ट नोंदवावी लागेल. त्या आज्यांना स्वतः त्या शाळेत शिकावयाचे नव्हते, आणि ज्या मातांची मुले तोवर मोठी होणार होती त्यांनाही हे ठाऊक होते. प्रत्यक्षात शाळा उघडली ती २००५ मध्ये, चार वर्षांनी. एकाच इमारतीत चार छोट्या शाळा आहेत आणि त्यांतील एक सामाजिक न्याय या विषयाला वाहिलेली आहे. शाळेची आखणी करताना वस्तीतील लोकांना विचारण्यात आले होते.

पालकांचा विजय कायमचा असतो असे शिकागोचा इतिहास सांगत नाही. २२ मे २०१३ रोजी महापौरनियुक्त मंडळाने एकाच बैठकीत सुमारे ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. त्यांतील मुले बहुसंख्येने कृष्णवर्णीय होती. त्या शाळांतही परिषदा होत्या, परंतु शाळाच बंद करण्याच्या निर्णयावर परिषदेचे मत चालत नाही. २०१५ मध्ये ब्राँझव्हिल वस्तीतील डायट ही माध्यमिक शाळा वाचविण्यासाठी १२ जणांनी ३४ दिवस उपोषण केले, तेव्हा २०१६ मध्ये ती कलाशाळा म्हणून पुन्हा सुरू झाली. शाळेच्या आतला अधिकार पुरेसा नाही, मंडळावरही लोकांनी निवडलेली माणसे हवीत, ही मागणी त्यानंतर जोर धरू लागली. २०२१ मध्ये तसा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये २१ जणांच्या मंडळावरील १० सदस्य मतदारांनी प्रथमच निवडून दिले. १९६३ च्या बहिष्कारात भाग घेतलेले विद्यार्थी तोपर्यंत सत्तरीच्या आसपास पोहोचले होते.

या सर्वांचा येथील समाजाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दोन ठिकाणी येतो.

पहिला महानगरपालिकेच्या शाळांचा. व्यापारी कुटुंबांतील मुले आज त्या शाळांत नसतात. परंतु दुकानातील हमाल, मापाडी, शिंपी आणि घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाई यांची मुले तेथेच शिकतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने अशा शाळांत व्यवस्थापन समिती अनिवार्य केली आहे. तीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही त्यांची कामे. संख्याबळ शिकागोपेक्षा मोठे आहे, मात्र मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकार नाही. समितीच्या बैठकीला जाणाऱ्या कामगाराचा अर्ध्या दिवसाचा पगार कापावा की कापू नये, हा निर्णय विधिमंडळात होत नाही, पेढीच्या गादीवर होतो.

दुसरा संबंध समाजाच्या ट्रस्टांनी चालविलेल्या शाळांचा आहे, आणि तो थोडा अडचणीचा आहे. शिक्षणाचे दान या समाजाच्या रक्तात आहे. कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि घरोघरची मूठ-मूठ धान्य गोळा करून मुलांची वसतिगृहे चालविली. तेथे मूठ देणारी आणि मूल पाठविणारी पुष्कळदा एकच आई असे. पुढे मोठ्या देणग्या आल्या, विश्वस्त देणगीदारांतून निवडले जाऊ लागले आणि पालक केवळ शुल्क भरणारा राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याकांच्या शाळांतील समित्यांचे काम सल्ला देण्यापुरते ठेवले. २०१४ च्या जानेवारीत जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू होत नाही असा निकाल दिला. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला. ते काय व्हावयाचे ते होईल.

परंतु पालकांना बसवू नका असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही. सल्लागार समिती विश्वस्तांच्या साध्या ठरावाने नेमता येते. शाळेचा वार्षिक जमाखर्च पालकांच्या सभेत मराठीतून वाचून दाखविता येतो, आणि एखाद्या आईने त्यातील एखाद्या रकमेवर बोट ठेवले तर तिचे पुरते ऐकून घेता येते.

जय जिनेंद्र.